गाल भरला, पण कशाने? चरबी, पॉलिमर आणि 'पुनर्निर्मिती' या शब्दाचा इतिहास

संशोधनाकडे वळू पाहणाऱ्या माझ्या ज्युनिअर्सना मी एक सवय आधी लावून घ्यायला सांगते. पेपरमध्ये 'वाढ झाली' असं दिसलं की तिथेच थांबायचं. वाढ नेमकी कशात झाली? आणि ती कशाने मोजली? प्रश्न अगदी बाळबोध वाटतो. पण त्याचं उत्तर द्यायला एका अख्ख्या क्षेत्राला शंभराहून जास्त वर्षं लागली, आणि आजही तिथल्या जाहिराती त्याला बगल देतात. आज त्या क्षेत्राचा इतिहास बघू: चेहऱ्यात सुईने काहीतरी घालून त्याला भरीवपणा देण्याचा.

सध्या या क्षेत्रातला चलनी शब्द आहे 'बायोस्टिम्युलेटर'. म्हणजे असं इंजेक्शन, जे स्वतः जागा भरत नाही, शरीरालाच ऊती बनवायला उद्युक्त करतं. त्याला जोडून दुसरा शब्द येतो: पुनर्निर्मिती. गेलेली चरबी परत येते, असं सुचवणारा. हे दोन दावे एक नाहीत. ते वेगळे का, हे कळायला आपल्याला १८९० च्या दशकात जावं लागेल.

दोन वाटा, एकाच दशकात

१८९३ साली गुस्ताव नॉयबर या जर्मन सर्जनने एका तरुणाच्या डोळ्याखालचा खड्डा भरला. क्षयाने हाड खराब होऊन तिथे व्रण आत ओढला गेला होता. नॉयबरने त्याच्याच दंडातली चरबी छोट्या तुकड्यांनी काढून तिथे बसवली. तुकडे लहान असले तर टिकतात, मोठे असले तर टिकत नाहीत, हे त्याच्या लक्षात आलं. दोन वर्षांनी, १८९५ मध्ये, व्हिन्सेन्झ चेर्नी याने एका स्त्रीच्या स्तनातली गाठ काढल्यावर उरलेली पोकळी तिच्याच पाठीकडच्या भागातली चरबीची गाठ आणून भरली. म्हणजे पहिली वाट: स्वतःचंच मांस, फक्त जागा बदलून.

दुसरी वाट १८९९ मध्ये व्हिएन्नात निघाली. क्षयामुळे ज्याची वृषणं काढावी लागली होती अशा एका रुग्णाला रॉबर्ट गेरसुनी याने व्हॅसलीनचं इंजेक्शन देऊन तो आकार परत दिला. शस्त्रक्रिया नाही, टाके नाहीत, एक सुई आणि काम फत्ते. ही कल्पना वणव्यासारखी पसरली. लवकरच व्हॅसलीन आणि पॅराफिन लोकांच्या नाकात, गालात, स्तनात जाऊ लागलं. पुढे मार्लबरोची डचेस झालेल्या ग्लॅडिस डीकनने नाकाचा बांधा सरळ दिसावा म्हणून पॅराफिन टोचून घेतलं, ते कालांतराने ओघळून हनुवटीकडे उतरलं, आणि युरोपातलं एक गाजलेलं रूप कायमचं बिघडलं.

ओघळणं हा त्यातला छोटा त्रास. मोठा त्रास आत चालू होता. पॅराफिन शरीराला पचवता येत नाही, बाहेरही टाकता येत नाही. मग मॅक्रोफेज, म्हणजे परकं दिसेल ते गिळायला धावणाऱ्या पेशी, त्याच्याभोवती जमतात. एकीला गिळता आलं नाही की अनेक एकत्र मिसळून महाकाय पेशी होतात. तेही जमलं नाही तर तंतुजनक पेशी येऊन कोलॅजेनची भिंत बांधतात. शत्रू मरत नसेल तर त्याला कोंडून टाका, असा हा प्रकार. यातून टणक, दुखऱ्या गाठी होतात. त्यांना 'पॅराफिनोमा' हे नाव मिळालं, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतच पॅराफिन बदनाम झालं.

ही कोलॅजेनची भिंत लक्षात ठेवा. ती पुढे पुन्हा येणार आहे, वेगळ्या नावाने.

कोण जगतं? पाहुणा की यजमान?

पहिल्या वाटेची अडचण वेगळी होती. बसवलेली चरबी काही महिन्यांत कमी व्हायची. किती, ते १९५० मध्ये लिंडन पीअर या अमेरिकन सर्जनने मोजलं. वर्षभराने कलमाचं सुमारे ४५ टक्के वजन गेलेलं असायचं.

मग उरतं ते कोणाचं? याबद्दल दोन मतं होती. हॅरॉल्ड नॉयहॉफ याने १९२३ च्या आपल्या पुस्तकात म्हटलं होतं की आणून बसवलेली चरबी मरतेच, यजमानाच्या पेशी येऊन तिची जागा घेतात. पीअरचं म्हणणं, काही पेशी जगतात आणि जे उरतं ते त्यांचंच. मंडळी, दोघांच्या हातात पुरावा एकाच प्रकारचा होता: उरलेलं आकारमान आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे गोल ठिपके. आणि तो पुरावा दोन्ही मतांशी तितकाच जुळत होता. उरलेला अर्धा भाग 'वाचलेला' आहे की 'नव्याने झालेला', हे वजनकाट्यावर कळत नाही. वाद पुढे सरकला नाही याचं कारण सर्जन हट्टी होते असं नाही. मोजण्याचं साधनच त्या प्रश्नाचं नव्हतं.

मधल्या काळात तंत्र बदललं. १९७० च्या दशकात इटलीत फिशर पितापुत्रांनी आणि फ्रान्समध्ये इव्ह-जेरार इलूझ याने चरबी नळीने ओढून काढायची पद्धत आणली. आता प्रत्येक दवाखान्यात चरबीच्या बाटल्या जमू लागल्या, आणि ती पुन्हा टोचून बघण्याचा मोह आवरणं कठीण झालं. १९९० च्या दशकात न्यूयॉर्कच्या सिडनी कोलमन याने नियम घालून दिले: चरबी अलगद काढा, शुद्ध करा, आणि एकदम गोळा न टाकता बारीक बारीक थेंब वेगवेगळ्या थरांत पेरा. कारण साधं आहे. नव्या रक्तवाहिन्या पोहोचेपर्यंत पेशीला ऑक्सिजन झिरपूनच मिळतो, आणि तो मिलिमीटरच्या काही दशांशांपलीकडे झिरपत नाही. नॉयबरचे 'लहान तुकडे' शंभर वर्षांनी नियम झाले.

सगळं सुरळीत चाललं होतं असं मात्र नाही. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने स्तनात चरबी टोचण्याचा जाहीर निषेध केला. मेलेल्या चरबीत कॅल्शियम साचतं आणि मॅमोग्राफीत ते कर्करोगाच्या खुणांशी गल्लत करू शकतं, ही भीती होती. त्याच संघटनेच्या अभ्यासगटाने २००९ मध्ये पुरावा पुन्हा तपासून ही भूमिका सैल केली.

बाटलीतल्या कचऱ्यातला खजिना

२००१ मध्ये पॅट्रिशिया झुक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ओढून काढलेल्या, एरवी टाकून दिल्या जाणाऱ्या चरबीत अशा मूळपेशी असतात ज्या प्रयोगशाळेत चरबी, हाड, कूर्चा, स्नायू अशा वेगवेगळ्या दिशांनी वाढू शकतात. यातून 'चरबी टोचली की पुनर्निर्मिती होते' या विचाराला पाया मिळाला. पाया, इमारत नव्हे. काचेच्या बशीत जे होऊ शकतं ते गालात होतंच असं नाही.

खरी उकल २०१२ मध्ये टोकियोच्या कोतारो योशिमुरा यांच्या गटाने केली. ती आपल्या विषयाच्या दृष्टीने मला फार महत्त्वाची वाटते. नेहमीच्या रंगद्रव्याने रंगवलेल्या काचपट्टीवर मेलेली चरबीपेशीही गोल, रिकामी, छान दिसते, कारण आतला तेलाचा थेंब लगेच कुठे जात नाही. म्हणजे आधीच्या पिढ्यांनी ज्यांना 'जिवंत' म्हणून मोजलं त्यांतली बरीच प्रेतं असू शकतात! या गटाने पेरिलिपिन हे प्रथिन शोधलं. ते जिवंत चरबीपेशीतल्या तेलाच्या थेंबाभोवती असतं, पेशी मेली की नाहीसं होतं. त्यांनी उंदरांत चरबीचं कलम करून दिवसागणिक तपासलं. पहिल्याच दिवसापासून बहुतेक पेशी मरू लागल्या. कडेच्या ३०० मायक्रोमीटरच्या आतल्या काहीच वाचल्या. तिसऱ्या दिवसापासून विभाजित होणाऱ्या पेशी वाढल्या, आणि सातव्या दिवसापासून जिवंत चरबीचं क्षेत्र पुन्हा वाढू लागलं.

म्हणजे चित्र तीन पट्ट्यांचं आहे: बाहेर वाचलेल्या पेशींचा पातळ थर, त्याच्या आत मरून पुन्हा उगवलेला थर, आणि अगदी मध्ये मेलेला गाभा, जो शोषला जातो किंवा व्रण होतो. पीअर थोडा बरोबर निघाला. नॉयहॉफचं 'बहुतेक पेशी मरतात' हेही खरं ठरलं. जुना वाद नव्या युक्तिवादाने सुटला नाही, प्रश्नाला साजेशा रंगाने सुटला.

दरम्यान, पॉलिमर

आता दुसऱ्या वाटेकडे परत. पॅराफिनचा दोष काय होता? ते जात नाही. मग जाणारं काही असेल तर?

१९६६ मध्ये 'आर्काइव्ह्ज ऑफ सर्जरी' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. विषय: शस्त्रक्रियेत वापरण्यासाठी पॉलिलॅक्टिक आम्ल. पहिल्या लेखकाचं नाव आर. के. कुलकर्णी. पॉलिमरवर काम करणाऱ्या कोणालाही हा संदर्भ केव्हा ना केव्हा भेटतोच. प्राण्यांच्या शरीरात ठेवल्यावर हा पॉलिमर विषारी ठरला नाही आणि हळूहळू विघटित झाला, असं त्यात दाखवलं होतं. पाण्याने त्याच्या साखळ्या तुटतात, लॅक्टिक आम्ल होतं, जे आपल्या स्नायूंत रोजच तयार होतं, आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. १९७० च्या दशकात याच कुटुंबातल्या पॉलिमरचे विरघळणारे टाके बाजारात आले.

याच पॉलिमरचा एक प्रकार, पॉलि-एल-लॅक्टिक आम्ल, बारीक कणांच्या भुकटीच्या रूपात पाण्यात मिसळून त्वचेखाली टोचला तर काय होतं? पहिल्या दिवशी गाल भरलेला दिसतो, पण ते पाणी असतं. चार-पाच दिवसांत ते शोषलं जातं आणि गाल पुन्हा होता तसा. मग आठवड्या-महिन्यांत कणांभोवती मॅक्रोफेज जमतात, महाकाय पेशी होतात, तंतुजनक पेशी येतात आणि कोलॅजेन घालतात. कण विरघळतात, कोलॅजेन बराच काळ मागे राहतं.

ओळखीचं वाटलं ना? पॅराफिनभोवती झालेली तीच प्रतिक्रिया. तिथे तिला गुंतागुंत म्हटलं, इथे तिला उपचार म्हणतात. फरक पदार्थ विरघळण्याचा आहे, कणांच्या आकाराचा आहे आणि मात्रेचा आहे. मात्रा चुकली तर नाव पुन्हा बदलतं. सुरुवातीच्या वर्षांत भुकटी कमी पाण्यात कालवून, कमी अंतराने टोचली जायची तेव्हा त्वचेखाली गाठी येण्याचं प्रमाण जास्त होतं. पाणी वाढवलं, दोन वेळांतलं अंतर वाढवलं, मग ते कमी झालं. 'उद्दीपन' आणि 'गाठ' या दोन टोकांमध्ये सलग रेघ आहे, भिंत नाही.

औषध जीव वाचवत होतं आणि गाल नेत होतं

हे सगळं सौंदर्यासाठी चाललं होतं असं वाटत असेल, तर इथे गोष्ट वळते.

१९९६ पासून एचआयव्हीवर अनेक औषधांचा एकत्र मारा सुरू झाला आणि मरणारी माणसं जगू लागली. १९९८ मध्ये सिडनीच्या अँड्र्यू कार आणि सहकाऱ्यांनी या रुग्णांत एक वेगळं चित्र नोंदवलं: हात-पाय आणि चेहऱ्यावरची चरबी नाहीशी होतेय. पुढे कारण स्पष्ट झालं. स्टॅव्हुडिन आणि झिडोव्हुडिन ही औषधं विषाणूचं विकर अडवतात, पण मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए बनवणारं आपलं विकरही काही प्रमाणात अडवतात. चरबीपेशींची ऊर्जाव्यवस्था कोलमडते आणि त्या मरतात. गालफडं आत जातात, कानशिलं खोल होतात.

त्या काळात हा फक्त दिसण्याचा प्रश्न नव्हता. ज्याने घरात, कामावर, शेजारी कोणालाही काही सांगितलेलं नाही, त्याचं गुपित त्याचा चेहराच फोडत होता. लोक औषध टाळू लागले किंवा सोडू लागले. आणि औषध सोडणं म्हणजे काय, हे सांगायला नको.

आपला इथला संबंध थेट आहे. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरापिन यांचं एकत्रित औषध वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केलं. तोवर अशा उपचाराला श्रीमंत देशांत वर्षाला दहा हजार डॉलरहून जास्त लागत. याने जगभर किती जीव वाचले याची जाणीव ठेवूनच पुढचं वाचा. १ एप्रिल २००४ रोजी भारत सरकारने मोफत उपचार सुरू केले. पहिल्या केंद्रांमध्ये मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं, आणि पहिल्या फळीच्या औषधांत स्टॅव्हुडिन होतं. स्वस्त होतं, परिणामकारक होतं, हाताशी होतं.

त्याच वर्षी, ऑगस्ट २००४ मध्ये, अमेरिकेच्या एफडीएने पॉलि-एल-लॅक्टिक आम्लाच्या इंजेक्शनला, म्हणजे 'स्कल्प्ट्रा'ला, मान्यता दिली. कशासाठी? एचआयव्ही रुग्णांच्या बसलेल्या गालांसाठी. युरोपात ते १९९९ पासून 'न्यू-फिल' नावाने होतंच. गाल नेणारी गोळी एका टोकाला पोहोचली आणि गाल भरणारी सुई दुसऱ्या टोकाला, अवघ्या चार महिन्यांच्या अंतराने.

आता आपला मूळ प्रश्न विचारू. या इंजेक्शनने चरबी परत आली का?

पॅरिसमध्ये झालेल्या, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५० रुग्णांना ९६ आठवडे पाहिलं. सोनोग्राफीने त्वचेची जाडी मोजली. ती वाढली, आणि रुग्णांचं जगणंही सुधारलं. मोजलं काय, तर त्वचेची जाडी. ते त्यांनी प्रामाणिकपणे तसंच लिहिलं. भर आली ती तंतुमय ऊतीची, कोलॅजेनची. चरबी जिथे नव्हती तिथे ती नव्हतीच.

याच्या शेजारी दुसरा अभ्यास ठेवा. कार यांच्याच गटाने २००२ मध्ये १११ रुग्णांची यादृच्छिक विभागणी केली. एका गटात स्टॅव्हुडिन किंवा झिडोव्हुडिन बंद करून अबॅकाव्हिर दिलं. २४ आठवड्यांनी क्ष-किरण स्कॅनवर हातापायांतली चरबी सरासरी ०.३९ किलोने वाढलेली होती, दुसऱ्या गटात जेमतेम ०.०८ किलो. ही खरी चरबी होती. पण इतकी थोडी की डोळ्यांना फरक कळत नव्हता.

हे दोन निकाल मी मुद्दाम शेजारी ठेवते. एकात चेहरा भरला, चरबी आली नाही. दुसऱ्यात चरबी आली, चेहरा भरला नाही. दोन्ही अभ्यासांत 'वाढ' आहे. रुग्णाला तातडीने पहिली हवी होती, आणि त्यात काहीच गैर नाही. पण पहिलीला दुसरीचं नाव देता येत नाही.

२००९: दोन निर्णय

जुलै २००९ मध्ये एफडीएने हेच इंजेक्शन निरोगी लोकांच्या नाक-ओठांमधल्या सुरकुत्यांसाठी मंजूर केलं. नोव्हेंबर २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्टॅव्हुडिनपासून दूर जायला सांगितलं, आणि त्यानंतरच्या वर्षांत ते आपल्याकडच्या उपचारांतूनही गेलं. आजार निर्माण करणारं कारण मागे पडू लागलं, त्याच सुमारास उपचाराला नवं गिऱ्हाईक मिळालं. २०१० मध्ये अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेने एचआयव्हीमुळे गाल बसून नैराश्य आलेल्या रुग्णांसाठी या इंजेक्शनचा खर्च उचलायचं ठरवलं. स्टॅव्हुडिन घेतलेल्या बहुसंख्य लोकांसाठी, म्हणजे आफ्रिकेतल्या आणि आपल्याकडच्या, असा कोणी खर्च उचलणारा नव्हता. त्यांच्या वाट्याला आलं ते औषध बदलणं आणि वाट पाहणं.

आज वजन झपाट्याने उतरवणाऱ्या इंजेक्शनांमुळे बसलेले गाल पुन्हा चर्चेत आहेत, आणि बाजारात 'चरबीची पुनर्निर्मिती' हे शब्दही. दात्याच्या चरबीतून पेशी काढून उरलेला सांगाडा टोचण्याचे प्रयोग चालू आहेत. जुने पॉलिमर चरबीपेशींनाही जागं करतात का, याचा शोध चालू आहे. हे प्रश्न चांगले आहेत. २००८ मध्ये स्वीडनच्या किर्स्टी स्पाल्डिंग यांच्या गटाने अणुचाचण्यांतून हवेत मिसळलेल्या कार्बन-१४ च्या आधारे दाखवलं की प्रौढ माणसाच्या सुमारे १० टक्के चरबीपेशी दरवर्षी नव्या होतात. म्हणजे यंत्रणा आहे. ती सुईने हलते का, हे दाखवावं लागेल.

असा पेपर हातात आला तर गोषवारा बाजूला ठेवा आणि आधी 'पद्धती' हा भाग उघडा. चार प्रश्न वहीत लिहून ठेवा:

१. मोजलं काय? आकारमान, जाडी, कोलॅजेन की जिवंत चरबीपेशी? फोटोवरून गुण दिले असतील तर तेही लिहा.

२. जिवंत आणि मेलेली पेशी वेगळी ओळखली का? पेरिलिपिनसारखी खूण वापरली, की गोल दिसलं म्हणून मोजलं?

३. नवी पेशी कोणाची? टोचलेल्या द्रव्यातली, की यजमानाची? की शोधलंच नाही?

४. किती दिवसांनी मोजलं? पाणी उतरायच्या आत मोजलेली वाढ ही पाण्याची वाढ असते.

तुमच्या विषयात चरबी नसेल, पिकाचं उत्पादन असेल, बॅटरीची क्षमता असेल किंवा भूजलाची पातळी. प्रश्न हेच राहतात, फक्त नामं बदलतात. आपल्या विषयातला एक पेपर घेऊन ही उत्तरं काढून बघा आणि खाली लिहा. पुढच्या लेखात कार्बन-१४ ने पेशीचं वय कसं काढतात ते सविस्तर बघू.